सायकलला इंजिन बसवायचंय? आधी मागच्या चाकाचे स्पोक मोज

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिग्रस तालुक्यातलं गाव, शेत ६ किलोमीटरवर, त्यातले ४ डांबरी आणि २ पांदणीचे. घरी वडिलांची काळी दांडीची सायकल, अठ्ठावीस इंची चाकांची, सळीच्या ब्रेकची. रात्रीच्या लाइनवर पाणी द्यायला जावं लागतं, रानडुकरं पऱ्हाटीत शिरली की जागलीलाही. मोबाइलवर ‘८० सीसी सायकल इंजिन किट’ दिसतं, विकणारा ताशी ६० चा वेग सांगतो. ते घ्यावं, ५० सीसीचं घ्यावं, ४-स्ट्रोक घ्यावं की सरळ बॅटरीचं? आणि मागे दुधाची कॅन बांधता येईल का?

तू काका म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करतो. ८० चं किट घेऊ नको. पहिल्या बांधणीला इंजिन सगळ्यात शेवटी निवडायचं असतं. आधी सायकल बघायची, मग रस्ता, मग तालुक्याला सुटे भाग काय मिळतात ते. इथे बहुतेक पोट्टे उलटं करतात. आधी डबा मागवतात, मग तो कशावर बसतो ते शोधत माझ्याकडे येतात.

आता त्या ८० चं बघ. चीनमधून येणाऱ्या या २-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळायच्या, किटमध्ये दोनच मुख्य मापं फिरतात. मोठ्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ४७ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन जेवढा सरकतो ते अंतर, ३८. वहीवर ४७ च्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून ३८ ने गुणून बघ, ६६ सीसी येतात. काहींचा स्ट्रोक ४० असतो, तिथे ६९ होतात. ८० कुठेच नाहीत. लहान म्हणजे ४० चा बोअर आणि ३८ चा स्ट्रोक, ते ४८ सीसी भरतं आणि ‘५०’ म्हणून विकलं जातं. त्यामुळे जाहिरातीतला आकडा सोडून दे, बोअर आणि स्ट्रोक विचार. जो विक्रेता ही दोन मापं सांगू शकत नाही त्याच्याकडे उद्या पिस्टनची रिंग मागितलीस तर तो काय देणार?

वेगाचंही तसंच आहे. या इंजिनाच्या पोटात एक दातेरी जोडी असते, ती फेरे साधारण ४.१ पटीने कमी करते. बाहेर १० दातांचं लहान स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक) आणि चाकावर ४४ दातांचं मोठं. दोन्ही मिळून इंजिनाचे १८ फेरे झाले की चाकाचा एक. तुझ्या अठ्ठावीसच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणजे ४००० फेऱ्यांना ताशी ३०. ताशी ६० गाठायला ८००० फेरे लागतील, आणि या इंजिनाचा दम ५-६ हजारांच्या पुढे जाताना संपायला लागतो, फक्त थरथर वाढत जाते. हँडल इतकं हलतं की बोटं बधिर होतात.

बरं, ६० कशाला हवेत? तू, सायकल, इंजिन आणि खांद्यावरचं सामान धरून ११० किलो म्हणू. सपाट डांबरीवर ताशी २५ ने जायला एवढ्या वजनाला साधारण २०० वॅट पुरतात. ३ टक्क्यांचा चढ आला तर दुपटीपेक्षा थोडं जास्त. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. १ हॉर्सपॉवरचं इंजिन तुला शेतापर्यंत आरामात नेतं, सपाटीवर निम्मी ताकद वापरलीही जात नाही. पांदणीत चिखल असेल तर ५ हॉर्सपॉवरही उपयोगाचे नाहीत, कारण तिथे चाक फिरतं आणि सायकल जागेवर राहते. आपली काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मधे लिंपून बसली की बंडीचंही चाक अडतं, सायकलचं काय घेऊन बसलास.

कायद्याचं बोलायलाच हवं, कारण तुझे ४ किलोमीटर डांबरी आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाची व्याख्या आहे. तिच्यातून चारपेक्षा कमी चाकं असलेली आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन बसवलेली गाडी वगळलेली आहे. त्यावर एक सीसी जरी गेलं तरी कायद्याच्या नजरेत ती मोटारसायकल. मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं. घरी बांधलेल्या गाडीची नोंदणी आरटीओत होत नाही, कारण नोंदणीआधी त्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी झालेली असावी लागते. म्हणजे ४८ आणि ६६ दोन्ही रस्त्याच्या बाहेर. ‘पांदणीत कोण बघतं’ असं म्हणशील, तर कायद्यातली सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही वाट, त्यात पांदण येतेच. पोलीस बघो न बघो, एखादी म्हातारी बाई आडवी आली आणि तिला लागलं, तर विमा नसताना दवाखान्याचा आणि भरपाईचा सगळा पैसा तुमच्या वावरातून जाईल. मी दुकानात ४८ चं किट बसवून देतो ते ज्यांचं स्वतःचं मोठं एकगठ्ठा शेत आहे, संत्र्याची बाग आहे आणि आतल्या आतच फिरायचं आहे त्यांना. रस्त्यावर फिरवायला मागितलं तर नाही म्हणतो.

आता सायकलीकडे ये, कारण खरी गाठ इथेच आहे.

किटमधलं ४४ दातांचं स्प्रॉकेट मागच्या चाकाला डाव्या बाजूने लागतं. ते हबला (चाकाच्या मधल्या गाभ्याला) लागत नाही, स्पोकांना आवळलं जातं. आतून एक रबराची चकती, बाहेरून एक, त्यांच्या मधे स्पोक, आणि ९ बोल्टांनी सगळं दाबायचं. हे ९ बोल्ट ३६ स्पोकांच्या चाकासाठी आखलेले आहेत. ३६ म्हणजे एका बाजूला १८, मग प्रत्येक दोन स्पोकांमागे एक बोल्ट नेमका जागेवर येतो. तू आता उठ आणि वडिलांच्या सायकलचे मागचे स्पोक मोज. जुन्या अठ्ठावीसच्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० असतात. ४० म्हणजे एका बाजूला २०. वीसात नऊ बोल्ट सारख्या अंतराने बसतच नाहीत. दोन-तीन बोल्ट स्पोकाच्या अंगावर येतात. मग पोरगा स्पोक वाकवतो, नाहीतर ते बोल्ट सोडूनच देतो. स्प्रॉकेट किंचित एका बाजूला बसतं, चाक फिरवलं की चेन एकदा ताठ होते, एकदा सैल होते. ही गोष्ट किटच्या कागदावर लिहिलेली मी कधी पाहिली नाही.

यावर उपाय दोन. एक, मागचं चाकच ३६ स्पोकांचं जाड गेजचं बांधून घ्यायचं. दुसरा आणि चांगला, लेथवाल्या टर्नरकडून हबवर बसणारी दोन अर्धुकांची चकती करून घ्यायची, जी हबच्या मधल्या नळीला आवळली जाते आणि स्प्रॉकेट तिला बोल्टने लागतं. त्यासाठी हबच्या नळीचा व्यास व्हर्नियरने मोजून द्यावा लागतो, आणि स्प्रॉकेट बसल्यावर त्याचा आउट, म्हणजे डगमग, काढावा लागतो, जसा रिमचा काढतो तसा. एक मिलिमीटरचा फरक चालतो, तीनचा नाही.

चेन ताणायला किटमध्ये एक लहान चाकवाली पट्टी येते. ती मागच्या खालच्या नळीला दोन नटांनी आवळायची असते. गेल्या पावसाळ्याआधी एक पोरगा सायकल खांद्यावर घेऊन दुकानात आला. ती पट्टी नळीवर गोल फिरून स्पोकांत शिरली होती, सात-आठ स्पोक तुटलेले, रिमचा आठ झालेला. चाक जागेवर जाम झालं तेव्हा वेग कमी होता आणि बाजूला मऊ वखरलेलं रान होतं, म्हणून त्याच्या फक्त कोपराला खरचटलं. नट नीट आवळलेले होते. पण गोल नळीवर गोल पट्टी, वरून चेनचा ओढा, ती फिरणारच. त्यामुळे मी ती पट्टी एक तर लावतच नाही, चेनची कडी कमी करून आणि मागची एक्सल सरकवून ताण जुळवतो, नाहीतर नळीला पितळी टाक्याने लहान कान जोडून पट्टी त्याला बोल्ट करतो. एक्सल सरकवली की उजवीकडची पायडलची चेनही हलते, म्हणून दोन्ही एकदम बघाव्या लागतात. वेळ लागतो. लागू दे.

सायकल कुठली चालत नाही तेही सांगतो, म्हणजे नवी घ्यायच्या भानगडीत पडशील तर उपयोगी पडेल. मागे शॉकर असलेली नको, कारण चाक वरखाली झालं की चेनची लांबी बदलते, आणि इंजिन बसायला मधला त्रिकोणही मोकळा नसतो. मागे डिस्क ब्रेक असलेली नको, कारण डिस्क डावीकडे असते आणि इंजिनाचं स्प्रॉकेटही डावीकडेच लागतं, दोघांना एक जागा पुरत नाही. पुढे डिस्क असेल तर उत्तम. अॅल्युमिनिअमची फ्रेम नको. जाड नळीच्या सायकलला किटमधलं माउंट बसत नाही, ते २८-२९ मिलिमीटरच्या नळीसाठी असतं. मग काही जण नळीला आरपार भोक पाडून बोल्ट टाकतात. फ्रेमच्या नळीला भोक पाडायचं नाही. तिथूनच ती एक दिवस चिरते. आणि माउंटखाली ट्यूबचं रबर गुंडाळू नको. थरथर कमी होईल असं वाटतं, होतं उलट, इंजिन रबरावर नाचतं आणि त्याचे स्टड, म्हणजे त्याला फ्रेमशी धरणारे बोल्ट, तुटतात.

तुझ्या सायकलचे सळीचे ब्रेक मात्र इंजिनाच्या कामाचे नाहीत. रबर रिमला आतून लागतं, कोरड्यात ताशी १५ ला ठीक, पावसात नावाला. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच अंतरात थांबायला चौपट जोर लागतो. पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) बदलून त्याला रिम दोन्ही बाजूंनी आवळणारे चांगले कॅलिपर ब्रेक आणि त्यांना साजेशी सरळ भिंतीची रिम, एवढं तरी करावंच लागेल. इंजिनाच्या पैशातून हा खर्च आधी बाजूला काढ. तो निघत नसेल तर इंजिन पुढच्या हंगामावर ढकल. बकरीच्या मानेवर बैलाचं जू ठेवून वखरणी होत नाही.

तरीही २-स्ट्रोकचा मोह पडतो, मला माहीत आहे. आवाज, धूर, ती क्लच सोडल्याबरोबर पायडलवरून सुरू होण्याची मजा. आपल्याकडे लुनावर एक पिढी वाढली. कायनेटिकने १९७२ मध्ये ५० सीसीची लुना आणली, तिलाही पायडलच होते. पण लुनाची फ्रेम, हब आणि ब्रेक इंजिनासाठी बनवलेले होते. आणखी एक फरक गावातल्या मिस्त्रीच्या लक्षात येत नाही. लुनाचा सिलिंडर बिडाचा, घासला की बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा. या किटच्या सिलिंडरला आत अॅल्युमिनिअमवर क्रोमचा पातळ मुलामा असतो. तो गेला की बोअर होत नाही, सिलिंडरच बदलायचा. आणि तो जातो धुळीने. एप्रिल-मे मधली आपली काळी धूळ पिठासारखी बारीक असते, किटच्या एअर फिल्टरमधला स्पंजचा तुकडा ती अडवत नाही. स्पंज तेलात बुडवून, पिळून बसवला तर थोडा टिकाव धरतो.

ज्याला शेतात फिरवायला बांधायचंच आहे त्याने ४८ घ्यावं, ६६ नाही. थरथर कमी, उष्णता कमी, स्पोकांवर झटका कमी. स्टड आणि नट किटमधले काढून हार्डवेअरच्या दुकानातून ८.८ ग्रेडचे, म्हणजे मजबूत पोलादाचे, घ्यायचे. पेट्रोलची नळी बदलायची, कारण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि किटची नळी त्यात कडक होऊन चिरते. तेल सुरुवातीला लिटरला ५० मिली, इंजिन मोकळं झालं की ४०. मापायला गुरांच्या डॉक्टरकडची मोठी सिरिंज सगळ्यात सोपी. फवारणीच्या औषधाचं झाकण मापाला वापरू नको, आणि पेट्रोलचं माप चुकूनही फवारणीकडे जाऊ देऊ नको. मिसळलेलं पेट्रोल पावसाळ्यात महिनाभर ठेवायचं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी खाली बसतं, आणि इंजिनाला तेलाशिवायचं पाणी पाजल्यासारखं होतं. प्लग काढून बघत जा. बिस्किटी रंग असला तर बरोबर, पांढरा पडला तर लगेच थांब, इंजिन तापतंय. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो, तेव्हा हे हवेवर थंड होणारं इंजिन सलग रेस देऊन पळवायचं नसतं.

४९ सीसीच्या ४-स्ट्रोक किटवर फार बोलत नाही. इंजिन चांगलं असतं, तेल वेगळं, आवाज कमी, दोरी ओढून सुरू. पण ते रुंद असतं, पायडल त्याला अडतं, म्हणून क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्यांची, लांब एक्सल लागते. तुझ्या सायकलच्या कॉटर पिनवाल्या क्रँकला तशी एक्सल सहज मिळत नाही. आणि कायद्यात ते ४८ च्याच बाकावर बसतं.

बॅटरीचं मात्र मनावर घेण्यासारखं आहे. नियमात २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आतला वेग असेल तर ती मोटार वाहन धरत नाहीत, पण अट अशी की त्या नमुन्याला चाचणी संस्थेची मान्यता असली पाहिजे. म्हणून किट आणून बसवण्यापेक्षा प्रमाणपत्र असलेली तयार सायकल घेतलेली बरी. ३६ व्होल्ट, १० अॅम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-अवर. नुसत्या मोटरवर किलोमीटरला १० ते १५ जातात, म्हणजे २५ ते ३५ किलोमीटर. तुझं येणं-जाणं १२ चं. पुरून उरतं. अडचण उन्हाची. टिनाच्या गोठ्यात मे महिन्याच्या दुपारी बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, ४५ अंशांच्या वर लिथियमची बॅटरी चार्ज केली की तिचं आयुष्य घटतं. रात्री किंवा पहाटे, घरातल्या गार फरशीवर, लाकडापासून आणि कापसापासून लांब. कापसाचा ढीग घरात असतो तेव्हा तर अजिबात त्याच खोलीत नाही. घरात नोंदणीची गाडी परवडत असेल तर २०२४ मध्ये आलेली इलेक्ट्रिक लुनाही आहे, पण तो वेगळा खर्च झाला आणि तुझा प्रश्न बांधणीचा आहे.

तर बांधायचंच असेल तर तुझ्यासाठी माझं मत २५ सीसीच्या ४-स्ट्रोक इंजिनाचं. गवत कापायच्या ब्रश कटरवर जे येतं ते. होंडाचं जीएक्स२५ हे त्यातलं ठरलेलं. ३५ चा बोअर, २६ चा स्ट्रोक, १ हॉर्सपॉवर, वजन ३ किलोच्या आसपास. तेल वेगळं भरायचं, पेट्रोलमध्ये काही मिसळायचं नाही. बाजारात ब्रश कटरची ४३ आणि ५२ सीसीची स्वस्त २-स्ट्रोक इंजिनंही भरपूर आहेत, त्यांच्याकडे बघू नको. तिथे पुन्हा कायद्याचा आणि मुलाम्याचा तोच घोळ. ३५ सीसीचं ४-स्ट्रोक छान चालतं, पण रस्त्यासाठी तेही व्याख्येबाहेर जातं. या इंजिनांचा मोठा फायदा म्हणजे तालुक्याच्या कृषी अवजारांच्या दुकानात त्यांची दोरी, प्लग, क्लचचे शू, कार्बोरेटरचा पडदा सगळं मिळतं. ऑनलाइन किटचा मॅग्नेटो (प्लगला करंट देणारा भाग) जळला तर तू पंधरा दिवस पार्सलची वाट बघत बसशील, तेही पेरणीच्या दिवसांत.

हे इंजिन चेनने जोडायला जाऊ नको. ५-६ हजार फेऱ्यांना चाक ताशी २५ च्या वेगाने फिरवायचं तर साधारण ३० पट फेरे कमी करावे लागतात. एका चेनमध्ये ते बसत नाहीत. मधे शाफ्ट घालून, मळणी यंत्राला असतात तसे २०४ नंबरचे बेअरिंग ब्लॉक लावून दोन टप्प्यांत करता येतं, पण पहिल्या बांधणीत ते सरळ रेषेत येत नाही आणि चेन उतरत राहते. त्यापेक्षा रोलर. इंजिन मागच्या चाकाच्या वर, कॅरिअरच्या जागी. क्लचच्या ड्रमला लोखंडी रोलर, आणि तो टायरवर दाबलेला. रोलरचा व्यास २५ मिलिमीटर ठेवलास तर ५३०० फेऱ्यांना नेमके ताशी २५ येतात. गंमत म्हणजे चाक अठ्ठावीसचं असो की सव्वीसचं, वेग तोच राहतो, कारण रोलर एका फेऱ्यात जेवढा टायर सरकवतो तेवढीच सायकल पुढे जाते. वेग बदलायचा तर रोलर बदल. इंजिनाची ओढ ५००० च्या आसपास सगळ्यात चांगली असते, त्यामुळे २५ चा रोलर चढालाही बरोबर पडतो. ३२ चा केलास तर सपाटीवर पळेल आणि चढावर क्लच घासून जळेल.

टर्नरला तीन गोष्टी ठासून सांग. रोलरला दोन्ही टोकांना बेअरिंग हवं. एकाच बाजूने लटकता ठेवला तर ड्रमचा शाफ्ट तुटतो. रोलरचा पृष्ठभाग बारीक खरखरीत हवा, कानसेसारखे दात पाडू नकोस म्हणावं, टायर महिन्यात सोलून निघेल. आणि सगळी चौकट बिजागरीवर हवी, एका लिव्हरने रोलर टायरवरून उचलता आला पाहिजे. ही तिसरी गोष्ट पांदणीसाठी. चिखल लागलेल्या टायरवर रोलर नुसता घसरतो, म्हणून जून ते सप्टेंबर पांदण आली की लिव्हर वर, आणि पायडल. किंवा उतरून ढकल, चिखलात सगळे तेच करतात. डांबरीवर पाऊस थांबून टायर कोरडा झाला की पुन्हा टेकव. चेनचं किट असतं तर त्या चिखलात डावीकडची चेनही माखली असती, ते तुझं वाचतं. आणि ४० स्पोकांच्या चाकाला हातच लावायचा नाही, पुढचे ब्रेक आणि कॅरिअर सोडलं तर वडिलांची सायकल होती तशीच राहते.

टायर मात्र जाड घे आणि हवा कडक ठेव. हवा कमी झाली की रोलर टायरला मळतो, इंजिन तापतं आणि पेट्रोल जास्त जातं. बाभळीचा काटा लागून पंक्चर झालं आणि तू तसाच रेस देत राहिलास तर ट्यूब गुंडाळून टायरची कड फाटते. म्हणून पंक्चरचं सामान आणि लहान पंप दांडीला बांधलेलाच असू दे.

इंजिन जुनं मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, ब्रश कटरची काठी मोडलेली आणि इंजिन चांगलं असे सौदे होतात. गार असताना दोरी ओढून बघ. ओढताना दाब लागला पाहिजे, दोरी भस्सकन बाहेर आली तर रिंग गेलेली. तेलाची पट्टी काढून वास घे. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर गळतोय. खोक्यावर आणि इंजिनाच्या पाटीवर सीसी किती लिहिलेत ते बघ आणि बिल जपून ठेव. नाक्यावर कोणी अडवलं तर बोलण्यापेक्षा ती पाटी आणि बिल दाखवायला सोपं पडतं. हेल्मेट घाल, कायद्याने लागो की न लागो. दिव्यासाठी या इंजिनातून करंट काढायच्या नादी लागू नको, जागलीला डोक्याला लावतोस ती चार्जिंगची बॅटरीच पुढे हँडलला बांध, आणि मागे लाल रिफ्लेक्टर दोन लाव, कारण रात्री त्या रस्त्यावर उसाच्या आणि कापसाच्या गाड्या असतात.

राहिली दुधाची कॅन. रोलरच्या बांधणीत कॅरिअर निघतं, त्यामुळे मागे कॅन बसत नाही. सायलेन्सरही तिथेच असतो, दूध तापेल आणि नासेल. पुढच्या एक्सलला दोन पट्ट्या टेकवून हँडलसमोर लोखंडी जाळी करता येते, तिच्यात १० लिटरची एक कॅन राहते. वजन एक्सलवर जाऊ दे, हँडलवर नाही. २० लिटर न्यायचे असतील तर दोन खेपा कर किंवा कॅन दोन्ही बाजूंना वाटून मागच्या एक्सलजवळ खाली टांग, पण मग मागचे स्पोक ओढून घ्यावे लागतील आणि त्या खेपेला इंजिन चालवायचं नाही, पायडलच मारायचं. आधी स्पोक मोजून आणि हबच्या नळीचा व्यास घेऊन ये, सोबत सायकलही आण. बुधवारी नको, तो आमच्याकडे बाजाराचा दिवस असतो.